काकूंच्या चेहऱ्याआड

आमच्या घरमालकीण काकूंना विरामचिन्हं मोठ्याने बोलायची सवय होती. फोनवर टाइप करणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. बोटं जाड, नखांशी भेगा; एक अक्षर दाबायला गेल्या की तीन उमटायची. म्हणून मीच त्यांना बोलून लिहायची सोय दाखवली, आणि प्रश्न असेल तिथे प्रश्नचिन्ह द्यावं असंही कधीतरी बोलून गेले. ते त्यांनी फार मनावर घेतलं. संध्याकाळी गच्चीच्या कठड्याला टेकून बसत, फोन पाण्याच्या पेल्यासारखा तोंडाजवळ धरत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "कोनाचा रे तू प्रश्नचिन्ह. गाव कोनतं प्रश्नचिन्ह. आईचं नाव काय प्रश्नचिन्ह."

फोन बिचारा ऐकेल तसं लिहायचा. समोरच्या अनोळखी पुरुषाने नुसतं 'हाय' किंवा एखादं गुलाबाचं चित्र पाठवलेलं असे. त्याला हे तिन्ही प्रश्न, प्रश्नचिन्ह हा शब्द तीनदा अक्षरी लिहून, पोचत. बहुतेक जण तिथेच पळून जात. 

काकूंना जाऊन आता सहा महिने होतील. मी जालन्यातल्या एका छोट्या वाचनालयात काम करते. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं हाताळते. स्वतः चार ओळी लिहायला बसले की हात जड होतो. काकूंबद्दल लिहायचं म्हणून तीनदा कागद पुढे ओढला आणि तिन्ही वेळा तो गच्चीवरचा आवाजच आधी ऐकू आला. मग म्हटलं, तिथूनच सुरुवात करावी.

काकू मूळच्या आष्टीच्या. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, चाळिशीत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. शेत पुतण्यांकडे सोपवून त्या जालन्यातल्या या दोन खोल्या खाली, एक खोली वर अशा घरात येऊन राहिल्या. वरच्या खोलीत मी. मला त्या नावाने कधीच हाक मारत नसत. "अय लायब्ररी, चहा झाला," अशी हाक जिन्यातून यायची. मी कमी बोलते हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, आणि त्यावर त्यांनी उपाय शोधला होता: माझ्या वाट्याचंही त्याच बोलत.

फोन घेतल्यावर खातं उघडताना मी विचारलं, "फोटो कोणता लावायचा, काकू? देवाचा लावू?"

"देवाचा कामून? खातं देवाचं हाय का माझं?"

मग गच्चीवर मी त्यांचा फोटो काढला. तुरीची डाळ निवडता निवडता त्यांनी मान वर केली होती. मोकळं कपाळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, ओठ घट्ट मिटलेले. मी म्हटलं, जरा हसा. त्या म्हणाल्या, "आधार कार्डावर हसले का मी? ते थोबाड सरकारला चालतं, तर इथं न चालायला काय झालं?" तोच फोटो लागला आणि शेवटपर्यंत तोच राहिला. नावाच्या आधी सौ. नाही, श्रीमती नाही. जन्माच्या वेळी आष्टीत जे ठेवलं होतं ते नाव, आणि पुढे आडनाव. बास.

हे किती विचित्र होतं ते कळायला आमच्या गल्लीतल्या बायकांची खाती पाहायला हवीत. कुणाच्या खात्यावर नवऱ्याचा फोटो, गॉगल लावून बुलेटवर बसलेला. कुणाचं बाळ, कुणाचा मोर, कुणाची रांगोळी. समोरच्या घरातल्या वहिनींनी गणपती लावला होता, आणि नाव होतं 'पप्पांची लाडकी'. त्या स्वतः पन्नाशीच्या. काकूंनी त्या गणपतीखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं: "गणपती लई छान हाय. पन तू कुठं हायेस प्रश्नचिन्ह." वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत. आठवड्याने त्यांनी गणपतीच्या जागी दोघांचा फोटो लावला, त्यात नवरा पुढे आणि त्या खांद्यामागून अर्ध्या. काकू म्हणाल्या, "चला, अर्धी तर निघाली बाहेर."

त्यांचा थोरला पुतण्या एकदा मुद्दाम गावाहून आला. चहा घेईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग बशीकडे बघत म्हणाला, "काकू, पाहुण्यारावळ्यांत चर्चा चालू हाय. विधवा बाईनं असा फोटो टाकावा, कोनालाबी उत्तरं द्यावी..."

"असा म्हंजे कसा?"

"तसा वाईट न्हाई. पन लोक बघतेत."

"बघू दे की. फाट्यावर त्या फ्लेक्सवर तुम्ही पंधरा जन दात काढून उभे हायत ते कोनी बघत न्हाई का? आन सरपंच कोन हाय तुमच्या गावात? बाईच ना? तिचा फोटो टिकलीएवढा आन तिच्या नवऱ्याचा दाराएवढा. आधी तिकडं जाऊन सांग लोक बघतेत म्हून."

पुतण्या चहा तसाच ठेवून उठला. काकूंनी त्याला दारातून परत बोलावून तो संपवायला लावला.

'कोनाचा तू' हे त्यांचं शस्त्र नव्हतं, रीत होती. ओसरीवर अनोळखी माणूस आला तर आधी काय विचारतात? तेच. त्यांना फोन म्हणजे मोठी ओसरी वाटे. आणि तीस-चाळीस कोसांत त्यांना कुणाची ना कुणाची सोयरीक माहीत असे. तीर्थपुरीच्या एका पोराने त्यांना काहीतरी वंगाळ लिहिलं, बहुधा फोटो न बघताच, नाव बाईचं आहे एवढ्यावर. काकूंनी गाव विचारलं. त्याने तोऱ्यात सांगितलं. वाडा कोणता विचारलं, तेही सांगितलं. काकूंनी लिहिणं तिथेच सोडलं, ओळखीपाळखीत फोन लावला, त्याच्या मावशीला गाठलं, मावशीने आईला गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला: "आजी चुकलं. आईला आता काही सांगू नका." पुढे तो पोरगा दर दिवाळीला त्यांना न चुकता नमस्कार पाठवायचा. काकू मला म्हणायच्या, "बघ. आई म्हनलं की बराबर माणसात येतेत."

माझ्या खात्यावर शेवंतीचं फूल होतं. आधी माझाच फोटो होता. तो कुणीतरी उचलून माझ्या नंबरासकट कुठल्याशा गटात टाकला आणि मला आठ दिवस फोन बंद करून बसावं लागलं. हे काकूंना माहीत होतं, तरी त्या टोचायच्याच. "फुलाला कोन 'कशी हायेस' म्हून इचारनार गं?" नावाच्या जागी दोन आद्याक्षरं, फोटोच्या जागी फूल, आणि आठवड्यातून एकदा वाचलेल्या पुस्तकावर पंधरा-वीस ओळी. तेवढ्यात माझं भागायचं.

त्या ओळींखाली विलास नावाचा एक माणूस लिहू लागला. फोटोत मोसंबीची गाडी, गाव हसनाबाद. त्याचं पहिलंच लिहिणं मला अजून आठवतं. एका कादंबरीतली बाई भांडून घर सोडते, त्याबद्दल मी लिहिलं होतं. विलासने लिहिलं, "ते पान मी चारदा वाचलं. लेखकाने तिला तशीच अनवाणी उंबऱ्याबाहेर काढली. बाई कितीही रागात असली तरी आधी चप्पल शोधते. पुढं चालायचं असतं." हे एका पुरुषाच्या लक्षात यावं याचं मला फार कौतुक वाटलं. मग रोजच काही ना काही येऊ लागलं. शुद्ध, नेमकं, अदबीचं. मी वाट पाहू लागले. आणि चार महिन्यांनी एक दिवस निरोप आला: "तुमचा फोटो एकदा पाठवाल का? फक्त एकदा बघायचा आहे."

तो जुना आठवडा सगळा डोळ्यांपुढे आला. मी फोन घेऊन खाली गेले आणि काकूंना दाखवला.

काकूंनी माझाच फोन घेऊन लगेच गच्ची गाठली. "इलास, कोनाचा रे तू प्रश्नचिन्ह. आईचं नाव काय प्रश्नचिन्ह." बराच वेळ काही आलं नाही. मग एवढंच आलं: कौसाबाई. काकू चकित झाल्या. इतक्या वर्षांत आईचं नाव पहिल्या विचारण्यात कुणी सांगितलं नव्हतं. "म्हंजे माणूस अजून हाताबाहेर गेल्ता न्हाई," त्या म्हणाल्या. "भांडायचं न्हाई. आईच्या कानावर घालायचं आन यायचं. उद्या गुरुवार, तुझी सुट्टी. चल."

मी नको नको म्हणत होते. पण काकूंना नको म्हणणं हे मला कधीच जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर भीतीपोटी मलाही कुणीतरी पुढे व्हायला हवं होतं.

हसनाबादला बसमधून उतरलो, दोन जणांना विचारलं, घर सापडलं. कौसाबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. काकूंपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असतील, पण पाठ वाकलेली.

"इलासच्या आई तुमीच का?"

"व्हय. बसा की. कोन तुमी?"

"मी आष्टीची, ऱ्हाते जालन्यात. ही माझी भाडेकरू. तुमचा लेक हिला फोनवर रोज लिहितो बाई. पुस्तकाचं लिहित होता तोवर ठीक होतं. आता फोटो मागून राह्यला. म्हनलं, आईच्या कानावर घालावं."

कौसाबाई हातातली शेंग तशीच धरून बघत राहिल्या आणि मग त्यांना हसूच आवरेना. "कोन, आमचा इलास? पुस्तकाचं? अवं बाई, त्याची दहावीची पुस्तकं नवीकोरी रद्दीत गेली. सही कर म्हनलं तर घाम फुटतो त्याला!"

"मंग त्याचा फोन आनखी कोनाकडं असतो का?"

"नवा त्याच्याजवळ असतो गाडीवर. जुना तेवढा घरात..."

तेवढ्यात त्यांची सून पाणी घेऊन बाहेर आली होती. तांब्यावरचा पेला वाजत होता, थांबतच नव्हता. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. वीस-बावीस वर्षांची, डोक्यावर पदर, नजर खाली. पेला घेता घेता काकूंनी विचारलं, आणि आवाज एकदम उतरला होता, "माहेर कोनतं गं लेकरा?"

"आष्टी."

"शिकली किती?"

"बीए. शेवटचं वर्ष राहिलं."

चप्पल शोधणारी बाई कोण ते मला तेव्हा कळलं. काकूंना माझ्या आधी कळलं असावं. त्यांनी पाणी एका घोटात संपवलं आणि म्हणाल्या, "चुकलं बाई. बिलकुल चुकलं. इलास दुसरा असंल. हसनाबादेत काय एकच इलास हाय?"

पण कौसाबाईंचं हसू गेलं होतं. त्या सुनेकडे बघत होत्या. "सुमन," त्या म्हणाल्या, "आत जा."

तांब्या उचलताना ती माझ्याजवळून वाकली आणि ओठ न हलवता पुटपुटली, "तुम्ही बाईच आहात ना, एवढंच बघायचं होतं. मग माझं नाव सांगणार होते. फुलामागं कोणीबी असतं."

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत बसल्या. जालन्याच्या कारखान्याची चिमणी दिसू लागली तेव्हा म्हणाल्या, "तू फूल लावलं. तिनं नवरा लावला. तुला तिची भीती, तिला तुझी. आन मी एकली थोबाड घेऊन बसलेली, शहाणी! मला गं कामून दिसलं न्हाई?"

चार दिवसांनी विलासच्या खात्यावर नवा फोटो आला. गाडीला टेकून उभा, गॉगल, अंगठा वर. जुनं सगळं लिखाण पुसलेलं. पुढे कळलं ते असं की विलास घरी आल्यावर चिडला नाही, ओरडला नाही. जुना फोन नुसता खिशात घातला आणि जाताना सोबत घेऊन गेला. सुमनच्या हातात आता काहीच नव्हतं. तिच्या वाचण्याचं आणि लिहिण्याचं सगळं त्या फोनमध्ये होतं, आणि ते आमच्यामुळे गेलं होतं.

काकू आठ दिवस गच्चीवर गेल्या नाहीत. गल्लीला चुकल्यासारखं झालं. गणपतीवाल्या वहिनी येऊन विचारून गेल्या, बरं आहे ना. पुढच्या गुरुवारी सकाळी काकू इरकल नेसून तयार. "हसनाबादला चालले," म्हणाल्या.

"काकू, आता कशाला? आणखी बिघडेल."

"आता काय तक्रार घेऊन चालले का? आष्टीची लेक हाय ती. म्हंजे मी तिची आत्या. आत्याला कोन अडवतंय?"

त्या दिवशीचं त्यांनीच मला सांगितलं. कौसाबाई ओट्यावरून उठल्याच नाहीत. "आता काय राह्यलं सांगायचं?" असं तोडून विचारलं. काकू म्हणाल्या, "सांगायला न्हाई आले. भाचीला भेटायला आल्ते. आन त्या दिवशी तुमच्या शेंगा अर्ध्याच राह्यल्या, माझ्यामुळं." असं म्हणून सूप स्वतःकडे ओढलं आणि फोडायला बसल्या. तासभर नुसत्या शेंगा. मग हळूहळू पाऊसपाणी, मग गुडघे, मग सोयरीकी. गुडघ्यांवर दोघींचं जमलं.

त्यानंतर दर गुरुवारी काकू हसनाबादला जाऊ लागल्या. मला वाटलं, मन खातंय म्हणून जातात. मग एका गुरुवारी दुपारी मी वर माझ्या खोलीत बसले असताना काकूंच्या खात्यावर लिखाण आलं. लांबलचक. एका आत्मचरित्राबद्दल, जे मी महिन्यापूर्वी काकूंच्या पिशवीत ठेवलं होतं. त्यांनी 'चाळायला दे एखादं' म्हटलं म्हणून. वाक्यं सरळ, आटोपशीर. प्रश्न होते तिथे खरीखुरी प्रश्नचिन्हं. तिसऱ्या ओळीत मी तिला ओळखलं.

संध्याकाळी काकू आल्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "माझ्या फोनची बॅटरी लई जल्दी उतरती गं. तिथं गेले की सुमनला म्हनते, आतल्या खोलीत चार्जिंगला लाव. दोन तास लागतेत." आणि चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझं थोबाड इतक्या दिवसांत पहिल्यांदा कामाला आलं."

मग तीन वर्षं त्या खात्यात दोन बायका राहिल्या. शुक्रवार ते बुधवार काकू: "कोनाचा रे तू प्रश्नचिन्ह." गुरुवारी सुमन. लोकांना वाटे, म्हातारीला गुरुवारी काहीतरी होतं. गुरुवारचं लिखाण लोक एकमेकांना पाठवू लागले. बाजारात काकूंना थांबवून म्हणत, "काय लिहिता हो तुम्ही!" पुतण्याने फोन केला, "काकू, हे तुमीच लिहिता?" काकू म्हणाल्या, "मंग कोन? वर फोटो कोनाचा हाय?"

पण याची शिक्षा मला झाली. रस्त्यात कुणी काही विचारलं तर सांगता यायला हवं, म्हणून प्रत्येक पुस्तक मला त्यांना भाजी निवडताना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावं लागे. आणि त्यांना सुमनचं सगळंच पटे असं नाही. "हे मी असं कामून लिहिलं? त्या बाईनं सासऱ्याला माफ करायलाच नव्हतं पायजे." मी म्हणे, सुमनला सांगा. त्या सांगत. मग पुढच्या गुरुवारी खात्यावर येई: "मागच्या आठवड्यात मी जे लिहिलं ते माझं मलाच पटत नाही." आणि खाली काकूंचं म्हणणं, सुमनच्या शुद्ध भाषेत. त्यावर सुमनचं उत्तर. त्या म्हातारीचं स्वतःशी चाललेलं ते भांडण लोक आवडीने वाचत. एका वाचक मंडळाच्या बाई घरी आल्या, "आमच्याकडे व्याख्यान द्या." काकू म्हणाल्या, "मला लिहायला येतं. बोलायला बिलकुल येत न्हाई." समोरच्या ओट्यावर बसलेल्या वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

विलासला कळलं नाही. कळणार कसं? आईशी गप्पा मारायला बायकोच्या माहेरची एक म्हातारी येते, एवढंच त्याला ठाऊक.

काकू गेल्या त्या छातीत कफ होऊन. चार दिवस दवाखान्यात होत्या, आणि त्यातला एक गुरुवार होता. त्या दिवशी त्यांनी दोनदा डोळे उघडून विचारलं, "हसनाबादला कळवलं का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

थोरल्या पुतण्याने तेराव्याच्या आधीच त्यांचं खातं बंद करून टाकलं. गेलेल्या माणसाचं नाव असं वर फिरत राहणं बरं दिसत नाही, म्हणाला. वाईट मनाने नाही केलं त्याने; रडतच करत होता. मला कळेपर्यंत सगळं गेलं होतं. काकूंचे हजारभर प्रश्न, आणि सुमनचे तीन वर्षांचे गुरुवार. मी वाचनालयात काम करते, फाटक्या पुस्तकाचं पानही फेकत नाही. आणि यातली एक ओळही मी उतरवून ठेवली नव्हती.

तेराव्याला कौसाबाई सुमनला घेऊन आल्या. सुमन पंगतीत वाढत होती, कुणी सांगितलं नसताना. मी मागच्या दाराशी भांडी विसळत होते. कौसाबाई गुडघे धरत माझ्याजवळ येऊन बसल्या.

"बाई गेली," त्या म्हणाल्या. "मंग आता गुरुवारचं काय?"

"कसलं, मावशी?"

"अगं, मला यडी समजता का तुमी दोघी? चार्जिंग म्हनं! आमच्याकडं गुरुवारी दिवसभर लाईटच नसती. गावात शेंबड्या पोराला ठावं हाय ते."

माझ्या हातातलं ताट पाण्यातच राहिलं. "मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? बोलले असते तर ती यायची बंद झाली असती." त्यांनी पदराने नाक पुसलं. "नवरा गेल्यापासून माझ्यासंगं कोन दोन तास बसलं होतं? पोरगी आत तिचं करायची. आम्ही बाहेर आमचं करायचो."

पुढच्या गुरुवारी मी गेले. आजही जाते. मला शेंगा नीट फोडता येत नाहीत आणि बोलायला काही सुचत नाही. कौसाबाई दर वेळी सांगतात, "तुला तिच्यासारखं जमत न्हाई बाई." मी हो म्हणते. मलाही ते माहीत आहे.

पहिल्या दिवशी मात्र मी माझा फोन पिशवीत लपवून नेला नव्हता, सरळ सुमनच्या हातात दिला. नवं खातं उघडायचं होतं. जुनं सगळं गेल्याचं मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असू द्या. परत लिहिते." पण नावाच्या रकान्याशी ती अडली. स्वतःचं नाव लिहिलं, पुसलं. नुसतं पहिलं अक्षर लिहिलं, पुसलं. "ह्यांच्या गाडीवरच्या कुणीतरी बघितलं तर हा पण फोन जाईल," ती हळूच म्हणाली. मी माझी आद्याक्षरं देऊ केली. ती म्हणाली, "परत फूलच होईल."

कौसाबाई ओट्यावरून ऐकत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उंबऱ्यापाशी आल्या, पदर डोक्यावरून सारखा केला आणि चौकटीला टेकून ताठ उभ्या राहिल्या.

"माझं लिही," त्या म्हणाल्या. "आन फोटो बी माझाच काढ. आईचं नाव बघून इलास काय बोलतोय!"

सुमनने फोन उचलून त्यांच्यावर धरला.

"पन एक," कौसाबाई म्हणाल्या, "मी काय काय लिहिलं, ते मला दर गुरुवारी वाचून दाखवायचं."